मातीतल्या कर्बाचा साठा कसा मोजावा: नमुन्यापासून हिशेबापर्यंत

माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.८ टक्के’ असे छापून येते आणि बहुतेकांची गल्लत तिथूनच सुरू होते. शंभर ग्रॅम बारीक मातीत किती ग्रॅम कर्ब आहे, एवढेच हा आकडा सांगतो. एका हेक्टरात, ठरावीक खोलीपर्यंत एकूण किती कर्ब साठला आहे हे काढायचे तर त्या जमिनीत बारीक माती किती टन आहे हेही माहीत हवे. नेमके तेच मोजायचे राहून जाते, किंवा अंदाजाने धरले जाते. मग पालापाचोळ्यातून, मुळांतून, खतातून मातीत गेलेला कर्ब टिकला की हवेत परतला, याचे उत्तर चुकीचे निघते आणि त्या उत्तरावर विसंबून पुढची कित्येक वर्षे वाया जातात.

सगळे काम या एका सूत्रावर उभे आहे:

साठा (टन प्रति हेक्टर) = कर्ब (टक्के) × बारीक मातीची घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) × थराची जाडी (सेंमी)

एकके अशीच ठेवली तर वेगळा गुणक लागत नाही. बारीक माती म्हणजे २ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडणारी. दगडगोटे आणि जाड मुळे यात येत नाहीत.

## १. आधी प्रश्न कागदावर लिहा

‘आज साठा किती आहे?’ आणि ‘साठा वाढला का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसरा फार अवघड आहे. समजा जमिनीत हेक्टरी ४० टन कर्ब आहे आणि तो वर्षाला ०.४ टक्क्याने वाढतो आहे. म्हणजे वर्षाला भर पडली ०.१६ टनाची. एकाच शेतात दहा पावलांवर घेतलेल्या दोन नमुन्यांत याच्या कितीतरी पट फरक निघतो. त्यामुळे दरवर्षी मोजून वाढ दिसेल अशी आशा धरू नका. दोन मोजण्यांत साधारण पाच ते दहा वर्षांचे अंतर ठेवा आणि दोन्ही वेळा हंगाम तोच ठेवा.

खोलीही आताच ठरवा. किमान ० ते ३० सेंमी घ्या. बदल मोजायचा असेल तर ५० सेंमीपर्यंत जा आणि ०–१०, १०–२०, २०–३०, ३०–५० असे थर वेगळे ठेवा. ३० च्या खालचा थर का लागतो ते दहाव्या टप्प्यात येईल, पण तेव्हा लक्षात येऊन उपयोग नसतो. नमुना आजच घ्यायला हवा.

## २. सामानाची तयारी

गिरमिट, घनतेसाठी धारदार कडेची पोलादी नळी (आतला व्यास ५ सेंमी, उंची ५ सेंमी), नळी ठोकायला लाकडी ठोकळा आणि हातोडा, पातळ पात्याची सुरी, मोजपट्टी, २ मिमीची चाळणी, ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, जाड पिशव्या. जंगलात जायचे असेल तर ५० × ५० सेंमीची चौकट आणि मुळे कापायची कात्री.

प्रत्येक पिशवीला दोन चिठ्ठ्या हव्यात: एक आत, एक बाहेर. दोन्ही शिसपेन्सिलीने लिहा. ओल्या मातीत पेनची शाई पसरते आणि नाव नसलेला नमुना टाकून द्यावा लागतो.

इथे तपासा: नळीचा आतला व्यास स्वतः मोजा. ५ × ५ सेंमीच्या नळीचे घनफळ ९८.२ घन सेंमी येते. व्यास ५.० ऐवजी ४.८ निघाला तर घनफळ ९०.५ होते. इथेच जवळजवळ ८ टक्क्यांची चूक घुसते आणि ती शेवटपर्यंत तशीच राहते.

## ३. जमिनीचे भाग पाडा, मग जागा निवडा

सुपीकता तपासायला नमुना घेताना बांध, झाडाची सावली, खताच्या ढिगाची जागा आणि पाणथळ कोपरा टाळायचा, असे आपल्याला सांगितलेले असते. खताची मात्रा ठरवायला ते बरोबर आहे. साठा मोजताना मात्र ही सवय नडते. झाडाखालची जमीनही त्याच हेक्टरात मोडते आणि कर्ब बहुधा तिथेच जास्त असतो. ती वगळून काढलेला साठा हा त्या जमिनीचा साठा नसतो.

म्हणून काहीही न टाळता भाग पाडा: उताराचा माथा, मधला उतार, खालचा सखल भाग, झाडांखालची जमीन, ओढ्याकाठचा पट्टा. प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ नकाशावर मोजून लिहा. प्रत्येक भागात नमुने स्वतंत्र घ्या आणि शेवटी क्षेत्रफळाच्या प्रमाणात सरासरी काढा.

उताराच्या जमिनीत हे आणखी महत्त्वाचे ठरते. पावसाच्या पाण्याबरोबर वरची कर्बयुक्त माती खाली सरकते. काही सखल भागात बसते, काही ओढ्यातून पुढे जाऊन तलावाच्या गाळात गाडली जाते. फक्त माथ्यावर मोजणाऱ्याला वाटते कर्ब हवेत गेला. फक्त सखल भागात मोजणाऱ्याला वाटते साठा वाढला. खरे तर कर्बाने नुसती जागा बदललेली असू शकते.

प्रत्येक भागात किमान पाच ठिकाणे निवडा आणि ती चिठ्ठ्या टाकून किंवा नकाशावर चौकटी आखून ठरवा. ‘बरी दिसणारी’ जागा डोळ्यांनी निवडू नका. मोबाइलवरचे स्थान काही मीटरने चुकते, तेव्हा कायमच्या खुणेपासूनचे अंतर आणि दिशाही लिहा.

## ४. वरचा पालापाचोळा वेगळा गोळा करा

जंगलात चौकट जमिनीवर ठेवा, कडेने पाचोळा आणि मुळे सुरीने कापा आणि आतले सगळे उचला. ओळखू येणारी पाने एका पिशवीत, त्याखालचा अर्धवट कुजलेला काळपट थर दुसऱ्या पिशवीत. हे ६५ ते ७० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

५० × ५० सेंमीच्या चौकटीत १५० ग्रॅम सुका पाचोळा निघाला तर हेक्टरी ६ टन होतो. ओळखू येणाऱ्या पानांत कर्ब साधारण ४५ ते ५० टक्के धरता येतो. अर्धवट कुजलेल्या थरात माती मिसळलेली असते, तिथे हे प्रमाण बरेच खाली येते. तो थर प्रयोगशाळेतच तपासून घ्या.

सावधान: पाचोळा कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते, याचा नियम पहिल्याच चौकटीत ठरवून लिहून ठेवा. बोटांत चोळल्यावर रेती किंवा चिकणमाती ठळक जाणवली की तिथून माती. एक थर दोन्हीकडे मोजला गेला किंवा दोन्हीकडून सुटला तर पुढे ते शोधून काढता येत नाही.

## ५. कर्बासाठी मातीचा नमुना

पृष्ठभागावरचा पाचोळा, काडीकचरा, ताजे खत बाजूला सारा, पण माती खरवडू नका. कर्बाचे प्रमाण वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्येच सर्वांत जास्त असते. साफसफाईच्या नादात तेच फावड्याबरोबर निघून जाते.

निवडलेल्या प्रत्येक ठिकाणाभोवती गिरमिटाने आठ-दहा उपनमुने घ्या. एका थराचे एकत्र कालवा आणि अर्धा किलो ठेवा. पाचही ठिकाणांची माती एकाच ढिगात मिसळू नका. मिसळली तर एकच आकडा हाती येईल आणि तो किती भरवशाचा आहे हे कधीच कळणार नाही.

गिरमिट वर काढताना वरची माती भोकात पडते आणि खालच्या थराच्या नमुन्यात जाते. पुढचा थर घेण्याआधी भोक साफ करा आणि गिरमिटावर आलेल्या मातीचा वरचा सैल भाग टाकून द्या.

इथे तपासा: भोकाची खोली आणि बाहेर आलेल्या मातीच्या कांडीची लांबी दोन्ही मोजा. भोक ३० सेंमी आणि कांडी २६ सेंमी असेल तर माती नळीत दबली आहे. असा नमुना घनतेसाठी वापरू नका, आणि थरांत कापताना ३० च्या खुणा २६ वर बसवू नका.

## ६. घनतेचा नमुना

सगळ्या कामात सर्वांत कमी वेळ याला दिला जातो आणि सर्वांत मोठी चूक इथेच होते. ‘साधारण १.३ धरू’ असे म्हणून पुढे जाऊ नका. घनता नांगरटीने, पावसाने, जनावरांच्या पायांनी बदलते. थराथराला ती वेगळी असते.

ठिकाणाजवळ एक उभा खड्डा घ्या आणि त्याची एक भिंत सपाट करा. प्रत्येक थराच्या मधोमध नळी आडवी किंवा उभी, ठोकळ्यावरून हलक्या ठोक्यांनी आत घाला. जोरात ठोकले की माती फुटते किंवा दबते. नळी आजूबाजूची माती खोदून काढा, ओढून काढू नका. दोन्ही तोंडे सुरीने बरोबर कडेशी कापा. तोंडाशी खळगा राहिला किंवा मूळ बाहेर आले तर नमुना टाका आणि पुन्हा घ्या. प्रत्येक थराचे किमान तीन.

हे नमुने १०५ अंशांना २४ तास वाळवा, वजन स्थिर झाले का बघा. मग पाण्यात भिजवून २ मिमीच्या चाळणीवर धुवा. वर राहिलेले खडे आणि मुळे वाळवून त्यांचे वजन घ्या.

एक नमुना उदाहरणादाखल पूर्ण करून पाहू. नळीचे घनफळ ९८.२ घन सेंमी. एकूण सुके वजन १४२ ग्रॅम, त्यात खडे २२ ग्रॅम, म्हणजे बारीक माती १२० ग्रॅम.

- चुकीची वाट: १४२ ÷ ९८.२ = १.४५. कर्ब ०.९ टक्के आणि ३० सेंमी धरले तर साठा ३९ टन.
- बरोबर वाट: १२० ÷ ९८.२ = १.२२. तोच कर्ब, तीच खोली, साठा ३३ टन.

सहा टनांचा फरक केवळ खड्यांमुळे पडला. प्रयोगशाळेने कर्ब मोजला तो चाळलेल्या मातीत, आणि पहिल्या हिशेबात त्याच टक्केवारीने खड्यांनाही कर्ब वाटला गेला. आधीच्या उदाहरणात पाहिलेल्या गतीने सहा टन कर्ब साठायला कित्येक दशके लागतील.

जमीन इतकी खडकाळ असेल की नळी आतच जात नाही, तर छोटा खड्डा घ्या: साधारण २० × २० सेंमी, १० सेंमी खोल. निघालेली सगळी माती आणि दगड गोळा करा. खड्ड्यात पातळ प्लास्टिकचा कागद नीट चिकटवून बसवा आणि मोजपात्राने कडेपर्यंत पाणी भरा. जितके पाणी बसले तितके घनफळ. पुढचा हिशेब तसाच.

सावधान: भेगा पडणारी चिकणमाती ओली असताना फुगते आणि सुकल्यावर आकसते. तिची घनता ओलाव्याबरोबर बदलते. दोन मोजण्या एकाच ओलाव्याला, शक्यतो जमीन वाफशावर असताना करा आणि भेगेतून नमुना घेऊ नका.

## ७. वाळवणे आणि चाळणे

कर्बाचे नमुने त्याच दिवशी पसरा. सावलीत, हवेशीर जागी, किंवा ४० अंशांच्या आत. पिशवीत ओले राहिले तर सूक्ष्मजीव आपले काम चालूच ठेवतात: कर्ब वायुरूपाने जातो आणि नत्राचे रूप बदलते.

ढेकळे लाकडी बत्त्याने फोडा, खडे मात्र फोडू नका. २ मिमी चाळणीवर राहिलेली मुळे वेगळी ठेवा. मुळांचा कर्ब झाडांच्या जैवभारात मोजला जाणार असेल तर तो मातीत पुन्हा धरू नका. चाळणीतून गेलेली केसाळ मुळे मातीतच राहू द्या.

## ८. प्रयोगशाळेला काय विचारायचे

नमुने देण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा.

पद्धत कोणती? १९३४ पासून वापरात असलेली वॉकली–ब्लॅक पद्धत पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाने कर्ब जाळते, पण सगळा जाळत नाही. सरासरी ७७ टक्के जळतो असे धरून उत्तराला सुमारे १.३ ने गुणतात. हा गुणक अहवालात आधीच लावला आहे का ते विचारा, नाहीतर तुम्ही पुन्हा लावाल. कोरड्या ज्वलनाच्या यंत्रात सगळा कर्ब मोजला जातो. पहिली मोजणी एका पद्धतीने आणि दुसरी दुसऱ्या पद्धतीने केली तर निघालेला फरक पद्धतीचा असू शकतो. वणवा गेलेल्या जमिनीत तर नक्कीच, कारण कोळशाचा बराचसा भाग डायक्रोमेटला दाद देत नाही, यंत्र मात्र तो मोजते.

आकडा कर्बाचा की सेंद्रिय पदार्थाचा? सेंद्रिय पदार्थ म्हणजे कर्ब × १.७२४, असा रूढ हिशेब आहे. सेंद्रिय पदार्थाचा आकडा कर्ब समजून वापरला तर साठा ७२ टक्क्यांनी फुगतो.

चुनखडी वेगळी काढली का? चुन्याच्या कार्बोनेटात वजनाने १२ टक्के कर्ब असतो. मातीत ५ टक्के चुनखडी असली तर यंत्र ०.६ टक्के कर्ब जास्त दाखवेल, आणि त्याचा पालापाचोळ्याशी काही संबंध नसेल. घरी तपासायचे तर चिमूटभर मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे. डोळ्यांना चष्मा लावा.

आकडा कोणत्या वजनावर? हवेत वाळलेल्या चिकणमातीतही काही टक्के पाणी उरते. घनता तुम्ही १०५ अंशांना वाळवलेल्या वजनावर काढली आहे, तेव्हा कर्बही त्याच वजनावर हवा.

खारवट जमिनीत क्लोराइड डायक्रोमेट खाते आणि कर्ब जास्त दिसतो. पाणथळ मातीतले फेरस लोहही तेच करते. असे नमुने असतील तर आधीच कळवा. आणि चाचणी स्वतः करत असाल तर उरलेले डायक्रोमेट मोरीत ओतू नका. त्यातले क्रोमियम विषारी आहे आणि ते थेट पाण्यात जाते.

## ९. हिशेब

प्रत्येक थराचा साठा वेगळा काढा, मग बेरीज करा. सगळ्या थरांची सरासरी घनता आणि सरासरी कर्ब काढून एकदाच गुणाकार केला तर उत्तर चुकते. वरच्या थरात कर्ब जास्त आणि घनता कमी असते, खाली उलट. सरासरीत हे नाते हरवते.

पाच ठिकाणांचे साठे ३१, ३४, २९, ३८ आणि ३३ टन आले, तर सरासरी ३३. ९५ टक्के विश्वासाची मर्यादा, म्हणजे खरी सरासरी ज्या पट्ट्यात असण्याची बरीच खात्री धरता येते तो पट्टा, अधिक-उणे ४ टनांच्या आसपास येते. दोन्ही आकडे एकत्रच लिहा. नुसते ‘३३ टन’ लिहिणे म्हणजे आपल्याजवळ नसलेली खात्री दुसऱ्याला देणे.

कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायचे असेल तर ३.६७ ने गुणा, पण फक्त शेवटच्या ओळीत.

## १०. बदल मोजताना: खोली नव्हे, वजन समान ठेवा

नांगरट थांबवली, जमीन बसली. घनता १.२५ वरून १.४० झाली. कर्ब मात्र ०.८ टक्केच राहिला. ३० सेंमीचा हिशेब केला तर आधी ३०.० टन, आता ३३.६ टन. साडेतीन टनांची वाढ दिसते आणि जमिनीत कर्बाचा एक कणही नव्याने आलेला नाही. दबलेल्या जमिनीच्या ३० सेंमीत जास्त माती मावली, एवढेच.

उपाय असा. पहिल्या मोजणीत ३० सेंमीपर्यंत हेक्टरी ३,७५० टन बारीक माती होती. आता दर सेंटीमीटरला १४० टन माती आहे, म्हणजे तितक्याच वजनासाठी २६.८ सेंमी पुरतात. तेवढ्याच जाडीचा साठा काढा: ३०.० टन. बदल शून्य.

उलटही घडते. जमीन भुसभुशीत झाली की तितकेच वजन भरायला ३० सेंमीच्या खाली जावे लागते. ३० ते ५० चा थर पहिल्या टप्प्यात सांगितला तो यासाठी.

## ११. त्याच नमुन्यातून नत्र

एकूण नत्र तपासून घ्या, खर्च फार वाढत नाही आणि चूक पकडायला हा उत्तम मार्ग आहे. लागवडीच्या बहुतेक जमिनींत कर्ब आणि नत्राचे गुणोत्तर १० ते १२ च्या आसपास असते. जंगलात वरच्या थरात ते जास्त निघू शकते. खोलवर गेल्यावर गुणोत्तर अचानक २५ किंवा ३० झाले तर आधी चुनखडीचा कर्ब मिसळला का ते बघा, मग कोळसा.

ताज्या पाचोळ्याचे गुणोत्तर साधारण २५ च्या वर असेल तर तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतले नत्र स्वतःकडे ओढतात. अशा वेळी कर्ब वाढलेला दिसतो आणि पीक पिवळे पडते. अहवाल वाचताना हे दोन्ही शेजारी ठेवून बघा.

## १२. माती जपून ठेवा

प्रत्येक नमुन्यातली शंभर-दोनशे ग्रॅम वाळलेली माती घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बरणीवर ठिकाण, थर, तारीख. वहीत नळीचे घनफळ, खड्यांचे वजन, ओलावा, प्रयोगशाळेची पद्धत. पुढच्या मोजणीच्या वेळी जुनी आणि नवी माती एकाच प्रयोगशाळेत, एकाच तुकडीत, क्रमांक उलटसुलट करून द्या. जुन्या मातीचा आकडा या वेळी वेगळा आला, तर तुलनेसाठी आजचाच आकडा घ्या आणि जुन्या अहवालावर तशी नोंद करून ठेवा.